समुद्राजवळच्या घराचं छप्पर दुरुस्त करून घेतलं त्याचा रिव्ह्यू: कौलं, पत्रा आणि स्लॅब

पहिल्यांदा निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. काम छान झालंय, पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येईलच. घर दापोली तालुक्यात, आंजर्ले-केळशीच्या पट्ट्यात, समुद्र वाडीच्या पलीकडेच, रात्री सगळं शांत झालं की गाज घरात ऐकू येते इतका जवळ. आम्ही इथे बारा महिने राहतो, जून ते सप्टेंबर त्याच छपराखाली झोपायचं असतं, म्हणून हे काम झाल्या झाल्या लिहिलं नाही, अख्खा पावसाळा काढला आणि मग लिहायला घेतलं. मिस्त्रींचं नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय, कारण हातात आहेत तेवढीच कामं त्यांना वेळेत पुरी करायची असतात. पण त्यांनी काय काय केलं आणि का केलं ते सगळं लिहिते, म्हणजे तुमच्या गावातल्या माणसाला तुम्ही नेमकं विचारू शकाल.

आमच्याकडे एकाच घराला तीन प्रकारची छपरं आहेत. मूळ घर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचं, वर किंजळीच्या लाकडाचे वासे आणि मंगलोरी कौलं. पुढच्या पडवीवर पत्रा, तो निसर्ग वादळानंतर घाईघाईत टाकलेला. आणि मागे नंतर बांधलेलं न्हाणीघर, त्याच्यावर स्लॅब. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा आमच्या दापोली मंडणगडलाही झोडपून गेलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, माड आणि पोफळी तर पडल्याच पण ज्यांच्या घरावर झाडं पडली नाहीत त्यांचीही छपरं गेली. तेव्हा पत्र्याला इतकी मागणी होती की जो मिळेल तो, ज्या भावाला मिळेल त्या भावाला लोकांनी घेतला, आमच्या सासऱ्यांनीही तसाच घेतला आणि तेव्हा दुसरा इलाजही नव्हता, पाऊस तोंडावर होता. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, तेव्हा हा पत्रा टिकला पण तेव्हापासून स्क्रूच्या भोवती तांबूस डाग दिसायला लागले होते.

मग कौलांतूनही ओटीवर आणि माजघरात पाणी यायला लागलं तेव्हा मात्र सगळंच एकदम करायचं ठरवलं. तिघांना विचारलं. एकाने फोनवरच किती चौरस फूट विचारून रेट सांगितला, घर बघायला यायची गरज नाही म्हणाला. दुसरा आला, अंगणातून वर बघितलं आणि म्हणाला कौलं काढून टाका, आता कोणी कौलं ठेवत नाही, लोखंडी पाइपचा सांगाडा करून रंगीत पत्रा टाकून देतो, वानरांचाही त्रास संपेल. तिसरे हे मिस्त्री. वयस्कर आहेत, बरोबर पुतण्या असतो. आल्यावर त्यांनी रेटचा विषयच काढला नाही, आधी शिडी मागितली. माळ्यावर बॅटरी घेऊन चढले, मग बाहेरून पाखावर (छपराच्या उतारावर) गेले, बराच वेळ वर होते आणि खाली आल्यावर म्हणाले, "वहिनी, कौलं तुमची चांगली आहेत, बहुतेक सगळी परत वापरता येतील. वासे खाली बसलेत म्हणून कौलाला कौल मिळत नाहीये, पाणी तिथून येतंय." माझ्या मते छपराचं काम देताना सगळ्यात आधी हेच बघावं की हा माणूस दर सांगायच्या आधी वर चढतो का. कारण समुद्राजवळच्या छपराचं दुखणं कौलात किंवा पत्र्यात क्वचित असतं, ते असतं जोडात, टोकाला, स्क्रूपाशी, वाशाच्या भिंतीत गेलेल्या तोंडाशी, आणि हे खालून दिसत नाही, फोनवरून तर नाहीच नाही.

कौलांचं आधी सांगते कारण तेच मला जास्त जवळचं आहे आणि त्यातच सगळ्यात जास्त काम होतं. सगळी कौलं उतरवून अंगणात लावली. प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून बघायचं, टणटणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर आत तडा आहे, ते बाजूला. पुतण्या हे काम इतक्या भराभर करत होता की बघत राहावं. आमच्या मागच्या पाखावरच्या बऱ्याच कौलांवर बासेल मिशनचा (कौलांचे कारखाने काढलेल्या जुन्या मिशनरी संस्थेचा) छाप आहे आणि खाली १८६५ हे साल. गावात खूप जणांना वाटतं की ते कौल १८६५ चं आहे, पण ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे आणि ते छापात तसंच येत राहायचं. तरी ती कौलं जुनी आहेतच आणि अजून टणटणीत आहेत, हे बघून आईंना (सासूबाईंना) फार बरं वाटलं, त्यांच्या लग्नाच्या आधीपासून घर तसंच आहे.

जी कौलं कमी पडली ती नवी घ्यायची की जुनी हा प्रश्न आला. आजकाल स्लॅब टाकण्यासाठी लोक जुनी घरं उतरवतात तेव्हा कौलं विकायला निघतात, मिस्त्रींनी तशीच आणवली. इथे एक गोष्ट समजली जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. मंगलोरी कौल सगळं सारखंच दिसतं, पण प्रत्येक कारखान्याच्या कौलाच्या खाचा जराशा वेगळ्या असतात, दोन वेगवेगळ्या छापांची कौलं शेजारी बसवली की नीट अडकत नाहीत, बारीक फट राहते आणि एरवी पाऊस सरळ पडत असेल तर चालून जातं पण आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा आणि आडवी झड, ती फटीतून पाणी वर ढकलते. म्हणून त्यांनी समुद्राकडच्या पाखावर सगळी एकाच छापाची कौलं लावली आणि जी मिसळ उरली ती मागच्या, आडोशाच्या पाखावर. अशी वाटणी करायला वेळ जास्त गेला, मजुरीही वाढली, पण पावसाळ्यात समुद्राच्या बाजूने एक थेंब आला नाही.

लाकडाचं. वासे वरून धडधाकट दिसत होते. मिस्त्री प्रत्येक वाशाच्या टोकाला पटाशी टोचून बघत होते आणि वळचणीला, जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे, पटाशी आरामात आत जात होती. तिथे पागोळ्यांचं पाणी उलटं येतं, भिंतीचा ओलावा असतो, हवा खेळत नाही. स्वयंपाकघरावरचे वासे मात्र काळेकुट्ट आणि लोखंडासारखे टणक निघाले, कारण तिथे कित्येक वर्षं चूल होती आणि धुराने भुंगा आणि वाळवी लागली नव्हती. आता गॅस आल्यावर तो धूर नाही, म्हणून लाकडाला काहीतरी लावणं आलंच. जे वासे बदलले ते किंजळीचेच घेतले, चांगले वाळलेले, आणि सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. वास काही दिवस राहतो, हाताला लागलं तर कातडी भाजते, लहान मुलं घरात असतील तर सांभाळून. होड्यांना पण हेच लावतात, त्यामुळे खाऱ्या हवेत त्याची परीक्षा झालेली आहे.

रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या ज्यांच्यावर कौलं बसतात, त्या सगळ्या नव्या. दोन रिपांमधलं अंतर त्यांनी फुटपट्टीने एकदा ठरवलं आणि मग एक लाकडी तुकडा त्या मापाचा कापून तोच सगळीकडे लावत गेले, साधारण साडेबारा इंच येतं, पण ते आपल्या कौलावरून काढायचं असतं, पुस्तकातल्या मापावरून नाही. अंतर जास्त झालं तर कौलं एकमेकांवर कमी चढतात आणि गळतं, कमी झालं तर कौल वर उचललेलं राहतं.

आता बांधणी. कौलाचा सगळ्यात मोठा फायदा त्याचं वजन आहे. एक कौल दोन ते तीन किलोचं, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास वजन. पत्रा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. साध्या वाऱ्याला कौल जागचं हलत नाही. पण वादळात वारा छपरावरून जाताना वर ओढतो, आणि तो सगळ्यात जास्त ओढतो कडांना आणि कोपऱ्यांना. निसर्गमध्ये आमची कौलं गेली ती वळचणीच्या ओळीची आणि दोन्ही टोकांची, मधली जागेवर होती. मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला तार ओवायला जागा असते, आणि गावात कोणीच ती वापरत नाही, मीही ती यंदाच नीट बघितली. मिस्त्रींनी कडेच्या आणि वळचणीच्या ओळी आणि आढ्याजवळची ओळ रिपेला तारेने बांधली. साधी जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार खाऱ्या हवेत फार टिकत नाही म्हणून स्टेनलेसची घेतली. तांब्याची तार आमच्या चुलत सासऱ्यांनी सुचवली होती, ती टिकते हे खरं, पण मिस्त्री नको म्हणाले, कारण मोठ्या घराचं पाणी पडवीच्या पत्र्यावर पडतं आणि तांब्यावरून आलेलं पाणी अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा थर खाऊन टाकतं. हे मी नंतर पत्र्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकात पण वाचलं, अगदी तेच लिहिलंय.

आणि नुसती कौलं रिपेला बांधून भागत नाही, वासा भिंतीला धरलेला पाहिजे. जुन्या घरांत वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडावर नुसते टेकलेले आणि एखादा खिळा, बाकी सगळं वजनावर. त्यांनी लोखंडी पट्ट्या वाकवून वासा आणि ते आडवं लाकूड बोल्टने एकत्र बांधलं आणि ते लाकूड खाली भिंतीत ठिकठिकाणी अँकर केलं. चिऱ्यात अँकर घेताना चिरा फुटतो, त्यामुळे ते काम हळू चाललं. खर्च फार नाही, पण तुमच्या मिस्त्रीने हे स्वतःहून सांगितलं नाही तर तुम्ही सांगा.

वानरांबद्दल सगळे विचारतात. वानर हे आमच्याकडे कौलं काढण्याचं एक नंबरचं कारण आहे, टोळी एकदा माडावरून उडी मारून पाखावर आली की कौलं फुटलीच. दुसऱ्या मिस्त्रीचा पत्र्याचा सल्ला त्यामुळेच होता आणि तो अगदीच चुकीचा नाही. हल्ली खाली पत्रा आणि त्यावर कौलं अशी पण पद्धत आली आहे, म्हणजे कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही. मिस्त्री म्हणाले करून देतो, पण रीप थेट पत्र्यावर ठोकली तर पानं, माती, मीठ तिथेच अडकून राहतं आणि पत्रा वरून न दिसता गंजत जातो, रीप पत्र्यापासून वर उचलून घ्यायला हवी म्हणजे खालून पाणी वाहून जाईल. शिवाय कौलांच्या फटींतून जी हवा खेळते ती बंद होते आणि उन्हाळ्यात घर तापतं. आम्ही फक्त माजघराच्या वर, जिथे धान्य आणि कपाटं आहेत, तेवढ्याच भागात खाली पत्रा घेतला. बाकी ठिकाणी छपरावर येणाऱ्या फांद्या आणि एक वाकलेला माड काढला, उडी मारायला जवळची जागाच उरली नाही, आणि त्याने खूप फरक पडला, पूर्ण त्रास गेला असं म्हणणार नाही. काही जादा कौलं माळ्यावर ठेवून दिली आहेत, फुटलं की पुतण्याने शिकवल्याप्रमाणे माझा नवरा आतून सरकवून बदलतो.

आता पडवीचा पत्रा. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात असं मला वाटतं, कारण सगळे पत्रे नवे असताना चकचकीतच दिसतात. जुना पत्रा आम्ही उतरवला तेव्हा मधला भाग अजून ठीक होता, गेला होता तो स्क्रूच्या भोवती, कापलेल्या कडेला आणि वळचणीखालच्या बाजूने. नवीन घेताना तीन गोष्टी बघितल्या. एक जाडी, दुकानदार ०.५० सांगतो ती बऱ्याचदा रंग आणि थर धरून असते, मूळ लोखंड त्याहून पातळ, म्हणून मूळ जाडी किती ते विचारायचं आणि जमलं तर मोजून घ्यायचं. दुसरं म्हणजे थर. गॅल्व्हल्यूम म्हणतात त्याच्यावर ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, साधारण साडेत्रेचाळीस टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन असा थर असतो, नुसत्या जस्ताच्या जीआय पत्र्यापेक्षा समुद्राजवळ जास्त टिकतो. एझेड १५० लिहिलं असेल तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर, कमी आकडा म्हणजे कमी थर. आमच्यासाठी एझेड १५० आणि वर रंग असलेला घेतला. आणि तिसरं, वॉरंटीचा कागद पूर्ण वाचायचा. बऱ्याचदा समुद्रापासून अमुक अंतराच्या आतल्या घराला वॉरंटी लागू नाही असं त्यात असतं, मग दुकानात सांगितलेली वर्षं आपल्या काय कामाची.

पण पत्रा कितीही चांगला घेतला तरी तो लावताना खराब करता येतो, आणि याच ठिकाणी मिस्त्रींचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. त्यांनी ग्राइंडर वापरला नाही. पत्रा कात्रीने आणि निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या हत्याराने) कापला. ग्राइंडरने कापलं की ठिणग्या उडतात, कडेचा थर जळतो आणि उडालेला लोखंडाचा कण जिथे चिकटतो तिथे काही दिवसांत गंजाचा ठिपका येतो. शेजारच्या वाडीत नवा कोरा पत्रा पहिल्याच पावसात ठिपक्या ठिपक्यांचा झालेला मी बघितलाय, लोक म्हणतात कंपनीने फसवलं. ड्रिल मारून झाल्यावरचा चुराही पुतण्या दर संध्याकाळी मऊ झाडूने झाडून खाली घ्यायचा, मी न सांगता.

स्क्रू जाड कोटिंगचे, खाली रबराचा वॉशर असलेले. मला वाटायचं स्टेनलेसचे सगळ्यात भारी, मागवूनही ठेवणार होतो, पण मिस्त्री म्हणाले या पत्र्याला ते नकोत, खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेस आणि हा थर एकमेकांना लागले की स्क्रू राहतो आणि त्याच्या भोवतीचा पत्रा जातो. स्क्रू पन्हळीच्या वरच्या भागावर, खालच्या नाल्यात नाही, आणि आवळताना वॉशर जरासा फुगेल इतकंच, पुरता चेपला तर उन्हाने तडकतो आणि पाणी आत. मशीन जोरात धरून सगळे स्क्रू एका दमात आवळणारे कामगार मी बघितलेत, वरून फार झटपट काम दिसतं. आणि इथेही तोच कडेचा नियम, मधे जेवढ्या अंतरावर स्क्रू होते त्याच्या निम्म्या अंतरावर कडेला आणि वळचणीला. पत्रा भिंतीबाहेर किती काढायचा यावरून आमचा थोडा वाद झाला, मला झड अडवायला लांब पाहिजे होता, त्यांनी ऐकलं नाही, आधार नसलेला लांब पत्रा वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तसा वर उलटतो म्हणाले. मग पुढे वेगळी पातळ झापांची ताटी बांधायची सोय केली, पावसाळ्यात लावायची आणि नंतर काढायची, जुनीच पद्धत आहे.

खालचा सांगाडा आधी साध्या एमएस (जस्ताचा थर नसलेल्या लोखंडी) पाइपचा होता, वर रंग होता पण पाइप आतून गंजला होता, टोकं उघडी होती म्हणून खारी हवा आत जायची. नवे पाइप गॅल्व्हनाइज्ड, टोकं बंद, आणि वेल्डिंगच्या जागी जिथे थर जळतो तिथे घासून जस्ताचा रंग मारला, पत्रा चढायच्या आधी, कारण नंतर वरच्या बाजूला ब्रश पोचत नाही.

एक गोष्ट आपण करायची आहे, मिस्त्रींनी नाही. पत्र्याचा जो भाग पावसात धुतला जातो तो जास्त टिकतो, आणि जो वळचणीखाली, आडोशाला असतो तिथे मीठ साचत राहतं. म्हणून पाऊस संपल्यावर, थंडीत आणि उन्हाळ्यात मधून मधून खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची. आम्ही पाइप लावून धुतो, आईंना ते पाणी वाया गेल्यासारखं वाटायचं म्हणून आता ते पोफळींना जाईल असं बघतो.

स्लॅबचं थोडक्यात सांगते कारण ते काम या मिस्त्रींनी घेतलंच नाही. न्हाणीघराच्या स्लॅबच्या खालून पोपडे पडत होते आणि सळ्या दिसायला लागल्या होत्या. मी म्हटलं वर पत्रा टाकून देऊ का, सगळे तेच करतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पत्रा टाकला की पाणी थांबेल, पण गंजणं थांबायचं नाही, मीठ आतच आहे, सळी फुगतच राहणार. आणि हे माझं काम नव्हे, माहितगार माणूस बघा." पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस मला मोलाचा वाटतो. नंतर एका सिव्हिल इंजिनिअरनी येऊन बघितलं, सुटं झालेलं सगळं फोडून सळ्या साफ करायच्या, त्यांना लेप द्यायचा, गरज असेल तिथे जोडसळी टाकायची, पॉलिमरच्या मॉर्टरने भरायचं आणि मग वरून वॉटरप्रूफिंग, असा क्रम त्यांनी सांगितला. ते काम अजून बाकी आहे, झाल्यावर वेगळं लिहीन.

खर्चाचे आकडे देत नाही, पत्रा, लाकूड आणि मजुरी तिन्हीचे भाव दरवर्षी हलतात आणि जुना आकडा धरून तुम्ही भांडाल. बिल कसं होतं ते सांगते. सामान आमचं, यादी त्यांची, दुकानाची बिलं आमच्या नावावर, मजुरी हजेरीवर. चौरस फुटावर ठरवलं असतं तर कदाचित स्वस्त पडलं असतं, पण मग कौल वाजवून बघणं, छाप जुळवणं, चुरा झाडणं हे कोण करेल, त्यात सगळा वेळ जातो आणि फुटाच्या हिशोबात त्या वेळेचे पैसे कुठेच नसतात. एकूण खर्चाचा जवळजवळ अर्धा मजुरीत गेला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता अर्धा स्टार. काम उशिरा सुरू झालं. शिमगा झाला की येतो म्हणाले, मग आंब्याचा सीझन, कामाला असणारी मुलं बागांमध्ये आंबे काढायला गेली, आमच्याकडे मार्च ते मे मजूर मिळणं किती कठीण असतं ते इथल्या लोकांना माहीतच आहे. शेवटी मेच्या मध्याला कौलं उतरली आणि अवकाळीची एक सर आली तेव्हा अर्धं घर ताडपत्रीखाली होतं, आईंचा जीव नुसता वरखाली होत होता. फोन उचलत नाहीत, वर असले की उचलणारच नाहीत हे मान्य, पण संध्याकाळी तरी परत करावा. फुटक्या कौलांचा ढीग वाडीत तसाच टाकून गेले, तो आम्हालाच हलवावा लागला (त्याचे तुकडे पायवाटेवर घातलेत). आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पडवीचा पत्रा जिथे मोठ्या घराच्या भिंतीला मिळतो तिथून भिंतीवर ओल आली. तिथे वाकवलेली पट्टी भिंतीला नुसती चिकटवली होती. कळवल्यावर पाऊस उघडल्या उघडल्या पुतण्या आला, चिऱ्यात खाच पाडून पट्टी आत घातली आणि वरून बंद केली, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तिथे ओल नाही. पण ती खाच पहिल्यांदाच पाडायला हवी होती, तुमच्याकडे भिंतीला टेकणारा पत्रा असेल तर काम चालू असतानाच उभं राहून हे करून घ्या.

राहायला कसं वाटतं ते पण सांगते, कारण तीही छपराची गोष्ट आहे. पडवीवर जुलैत पाऊस कोसळतो तेव्हा पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, दुपारी उन्हात तिथे बसवत नाही. आत कौलांखाली त्याच वेळी पावसाचा आवाज असतो पण झोप लागते, आणि एप्रिलमध्ये पंखा मध्यम ठेवला तरी पुरतो. आमच्या आळीत कौलं काढून पत्रा टाकलेली घरं आता जास्त झाली आहेत, त्यांची अडचण मला समजते, शाकारणीला (कौलं काढून परत नीट लावायला) माणूस मिळत नाही, वानर आहेत, घरात माणसं कमी झाली. तरी ज्यांचे वासे सुधारण्यासारखे आहेत त्यांनी एकदा अशा माणसाला वर चढवून बघावं आणि मगच कौलं विकावीत, एकदा विकली की तशी पुन्हा मिळत नाहीत.

ज्यांना पुढच्या वर्षी करायचंय त्यांनी दिवाळी झाली की लगेच माणूस धरा, डिसेंबर जानेवारीत लाकूड आणि कौलं आणून ठेवा, आणि शिमग्याच्या आत छप्पर उघडून बंद होईल असं बघा. मेवर ढकललंत तर मृग गाठायची घाई होते आणि ती घाई नेमकी स्क्रूवर आणि जोडांवर निघते. आमचे मिस्त्री केळशी, आडे, आंजर्ले, मुर्डी एवढ्याच भागातली कामं घेतात, लांब जात नाहीत. या भागातल्या कोणाला खरंच हवे असतील तर मला मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देईन.